पहिले मॅच एअर पिस्तूल घेताना: ब्रँडच्या आधी ग्रिप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची चौदा वर्षांची मुलगी वर्षभर बालेवाडीच्या रेंजवर क्लबच्या पिस्तुलाने १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करते आहे आणि प्रशिक्षकांनी आता स्वतःचे पिस्तूल घ्यायला सुचवले आहे. स्टायर, मोरिनी, वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ यांतले सर्वांत अचूक कोणते, नवे घ्यावे की वापरलेले, आणि मुलीची चण लहान असल्यामुळे आखूड बॅरलचे मॉडेल घ्यावे का, हे तुम्हाला ठरवता येत नाही. मी अनेक वर्षे पिस्तूल नेमबाजी करतो आणि नव्या मुलामुलींच्या हाताला पिस्तूल बसवून देण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देतो.

अचूकतेचा मुद्दा आधी निकाली काढू, कारण पालकांचा सर्वाधिक वेळ आणि चिंता त्यातच जाते. तुम्ही घेतलेल्या चारही नावांची, आणि त्यांच्या जोडीला पार्दिनीचीही, मॅच पिस्तुले शिकंज्यात घट्ट धरून झाडली तर १० मीटरवर गोळीवर गोळी एकाच जागी टाकतात. नव्या पिस्तुलाबरोबर कारखान्यातला चाचणीचा कागद येतो आणि त्यावर सगळ्या गोळ्यांचे मिळून जवळजवळ एकच भोक दिसते. आता लक्ष्याकडे पाहू. १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि पेलेटची, म्हणजे एअर पिस्तुलाच्या छोट्या गोळीची, कडा वर्तुळाच्या रेषेला स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. पेलेट ४.५ मिलिमीटरची असल्याने तिचे केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, आणि १६ मिलिमीटरच्या आत असेल तर नऊ, असा हिशेब होतो. या मापापुढे दोन चांगल्या पिस्तुलांच्या बॅरलमधला फरक नगण्य आहे. मुलीचा एकही गुण त्या फरकाने वाढणार नाही आणि कमीही होणार नाही.

गुण जातात ते दुसरीकडे, आणि ते कुठे जातात हे एकदा आकड्यांत पाहिले की पिस्तूल कसे निवडायचे हे आपोआप स्पष्ट होते. नेम धरण्यासाठी बॅरलवर पुढे एक उभी पट्टी आणि मागे एक खाच असते, त्यांना पुढची आणि मागची साइट म्हणतात. या दोन साइटमधले अंतर ३२ सेंटिमीटर धरा. मुलीचा संपूर्ण हात, साइट एका रेषेत ठेवूनच, ५ मिलिमीटर डावीकडे सरकला, तर गोळीही साधारण ५ मिलिमीटरच डावीकडे जाईल आणि दहाच मिळतील. परंतु हात जागेवर असताना मनगट किंचित वळले आणि पुढची साइट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ३१ मिलिमीटर बाजूला पडेल, म्हणजे थेट सातात. अर्धा मिलिमीटर चूकसुद्धा जेमतेम नऊ देते. हात डुलणे हे नवशिक्या नेमबाजाला मोठे संकट वाटते, पण खरे नुकसान करतो तो मनगटातला आणि बोटांतला हा सूक्ष्म कोन. तो कोन कशाने बिघडतो? हातात नीट न बसलेल्या ग्रिपने, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीने, आणि ओढताना बॅरलला धक्का देणाऱ्या ट्रिगरने. म्हणून पिस्तूल निवडताना माझा क्रम नेहमी एकच असतो: ग्रिप, मग ट्रिगर, मग वजन आणि तोल, मग दुरुस्तीची सोय, आणि या सगळ्यानंतर ब्रँडचे नाव.

ग्रिपबद्दल सावकाश लिहितो, कारण येथे घाई केलेली मुले पुढची दोन-तीन वर्षे त्याच चुकीशी झगडताना दिसतात. मॅच पिस्तुलाची ग्रिप उजव्या किंवा डाव्या हातासाठी वेगळी आणि लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते. दुकानात सहज उपलब्ध असते ती बहुधा मध्यम, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या हाताला ती बहुतेक वेळा सैल होते. सैल ग्रिप धरण्यासाठी मूल नकळत बोटे आवळते, आवळलेली बोटे थरथरतात, आणि प्रत्येक गोळीला आवळण्याचा जोर वेगळा पडल्याने साइटही प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येते. त्यामुळे दुकानदाराशी बोलताना मॉडेलच्या आधी ग्रिपचे माप विचारा. हव्या मापाची ग्रिप वेगळी मागवायला लागली तरी मागवा. हात वाढल्यावर ग्रिप बदलता येते, पिस्तूल तेच राहते.

हातात घेतल्यावर काय पाहायचे ते सांगतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला खळगा ग्रिपच्या मागच्या वळणात वरपर्यंत घट्ट बसला पाहिजे, कारण हात जितका बॅरलच्या जवळ तितके पिस्तूल हातात कमी हेलकावते. पिस्तुलाचे वजन मुख्यतः मधल्या बोटावर, ट्रिगर गार्डच्या खाली, टेकले पाहिजे. तर्जनीचा आतला भाग ग्रिपच्या लाकडाला कुठेही घासता कामा नये, नाहीतर ट्रिगर ओढताना ती पिस्तुलालाही बाजूला ढकलते. अंगठा आरामात टेकलेला असावा, दाबणारा नसावा. तळहाताखालचे पाम शेल्फ वरखाली करता येते. ते हाताला हलके लागेल एवढेच वर घ्यावे. पुष्कळ मुले ते इतके आवळून घेतात की पंधरा मिनिटांत तळहात बधिर होतो. नियमांनुसार हे शेल्फ ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करणारे, म्हणजे हाताला वेढणारे, असता कामा नये, आणि ग्रिपच्या कोणत्याही भागाने मनगटाला आधार देता कामा नये.

यानंतरची चाचणी मी प्रत्येक नव्या पिस्तुलावर करायला लावतो. मुलीने पिस्तूल उचलून लक्ष्यावर स्थिर करावे, डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घेऊन हात सैल होऊ द्यावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यात, वरच्या कडा एका रेषेत दिसल्या, तर ग्रिप तिच्या मनगटाच्या नैसर्गिक ठेवणीशी जुळते. ती दरवेळी डावीकडे किंवा खाली सापडत असेल, तर मुलीला सामना संपेपर्यंत प्रत्येक गोळीला मनगट वळवून ती मध्यात आणावी लागेल आणि थकवा आला की तो प्रयत्न सुटेल. आज बहुतेक चांगल्या पिस्तुलांच्या ग्रिपचा कोन बॅरलच्या संदर्भात वरखाली आणि डावीउजवीकडे थोडा बदलता येतो. तेवढ्याने जमत नसेल तर कानस, पॉलिश पेपर आणि वुड फिलर वापरून लाकडाला आकार द्यावा लागतो. हे काम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, थोडे थोडे, आठवड्यांच्या अंतराने करायचे असते. एका रविवारी बसून सगळी ग्रिप तासून काढणे टाळा, कारण हाताला सवय व्हायलाही वेळ लागतो आणि काढलेले लाकूड परत येत नाही.

ट्रिगरकडे येतो. १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजन पेलता आले पाहिजे आणि सामन्याआधीच्या तपासणीत ते वजन लावून पाहतात. म्हणून ट्रिगर अगदी ५०० वर न ठेवता थोडा वर ठेवणे शहाणपणाचे. ट्रिगरचे दोन टप्पे असतात: पहिला मोकळा प्रवास, मग हाताला स्पष्ट जाणवणारा थांबा, आणि त्यापुढे थोडासा दाब वाढवला की गोळी सुटते. अनुभवी नेमबाज एकूण वजनाचा मोठा भाग पहिल्या टप्प्यात ठेवतात, म्हणजे थांब्यापर्यंत पोहोचताना बोट आधीच कामाला लागलेले असते आणि शेवटचा दाब अल्प राहतो. नवख्या मुलीसाठी मात्र दुसरा टप्पा फार हलका करू नये. थांबा बोटाला ओळखू आला पाहिजे. हा थांबा काचेसारखा स्वच्छ तुटतो की ओढत ओढत सरकतो, हेच ट्रिगर चांगला की साधा हे ठरवणारे लक्षण आहे आणि ते हातात घेतल्याशिवाय कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

येथेच मोरिनीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आणि स्टायरसारखा यांत्रिक ट्रिगर हा वाद येतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये बोट फक्त एक स्विच दाबते आणि पुढचे काम विजेवर होते. त्यामुळे सुटण्याची जाणीव प्रत्येक वेळी तंतोतंत सारखी असते, आणि ड्राय फायरिंग, म्हणजे पेलेट न घालता नेम धरून ट्रिगर ओढण्याचा सराव, करताना पिस्तूल पुन्हा पुन्हा कॉक करावे लागत नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रोज संध्याकाळी भिंतीसमोर अर्धा तास ड्राय फायरिंग करू शकणाऱ्या मुलीसाठी ही सोय खरोखर मोठी आहे. यांत्रिक ट्रिगरही ड्राय फायरिंगला चालतो, पण दर वेळी लिव्हर हलवावा लागतो. उलट बाजू अशी, की इलेक्ट्रॉनिक पिस्तुलात बॅटरी आणि सर्किट ही दोन जास्तीची कामे येतात आणि बिघाड झाला तर तो ओळखणारा माणूस शहरात असला पाहिजे. माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिल्या पिस्तुलासाठी मी यांत्रिक ट्रिगरच सुचवतो. तो स्क्रूने जुळवताना मूल ट्रिगर समजून घेते आणि ती समज पुढे कोणत्याही पिस्तुलावर उपयोगी पडते. परंतु मुलीचा हात मोरिनीच्या ग्रिपमध्येच उत्तम बसत असेल, तर या मताला चिकटून राहू नका. ग्रिपचा कौल वरचा आहे.

आता आखूड बॅरलबद्दल. स्पर्धेच्या नियमांत पिस्तुलाचे वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम असू शकते आणि ते ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. प्रत्यक्षात पूर्ण लांबीची आधुनिक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात आणि आखूड मॉडेले त्याहून हलकी असतात. वजनापेक्षा महत्त्वाचे आहे ते वजन कुठे आहे. पुढे जड असलेले पिस्तूल डुलायला आळशी असते, ते हळू हलते आणि हळूच परत येते, म्हणून ताकद असलेल्या नेमबाजाला ते आवडते. लहान खांद्याला मात्र तेच वजन तासाभरात खाली ओढते. आखूड पिस्तुलात साइटमधले अंतर कमी होते, आणि त्यामुळे वर सांगितलेली कोनातली चूक डोळ्याला कमी दिसते पण गोळीला तेवढीच किंवा अधिक भोगावी लागते. म्हणजे मुलीला वाटते की हात स्थिर आहे आणि कागदावर वेगळेच उमटते. म्हणून ती पूर्ण लांबीचे पिस्तूल पेलू शकत असेल तर तेच घ्या आणि बॅरलच्या पुढच्या बाजूला लावलेली सुटी वजने काढून टाका.

पेलू शकते का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. पहिल्या दहा गोळ्या पाहू नका. मुख्य सामना ७५ मिनिटांत ६० गोळ्यांचा असतो आणि त्याआधी १५ मिनिटे तयारी व सराव गोळ्यांची असतात. क्लबमधले किंवा एखाद्या मोठ्या नेमबाजाचे पूर्ण लांबीचे पिस्तूल मागून घेऊन तिला चाळीसएक गोळ्या झाडू द्या आणि शेवटच्या दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर उमटलेला भोकांचा पुंजका, पाहा. तो वरून खाली लांबट होत गेला, खांदा वर चढू लागला किंवा ती कंबरेतून मागे वाकू लागली, तर आज तिला हलके मॉडेल हवे आहे. तसे नसेल तर वर्षभरात तिची ताकद वाढणारच आहे आणि आखूड पिस्तूल तुम्हाला पुन्हा बदलावे लागेल.

हवेच्या यंत्रणेबद्दल थोडक्यात. स्पर्धेत आज सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी पिस्तुले वापरतात, कारण रेग्युलेटरमुळे प्रत्येक गोळीला दाब सारखा मिळतो आणि झाडण्याआधी हाताला कष्ट पडत नाहीत. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी जुनी पिस्तुले तापमानाला फार संवेदनशील असतात. पुण्यातला जानेवारी आणि एप्रिल यांतला फरक त्यांना चांगलाच जाणवतो, म्हणून ती घेऊ नका. रशियन बनावटीचे बायकाल आयझेडएच-४६एमसारखे, लिव्हरने एकदा दाब द्यायचे पिस्तूल अचूक आणि टिकाऊ असते आणि त्याला सिलिंडरही लागत नाही, परंतु ६० गोळ्यांसाठी तो लिव्हर ओढणे लहान मुलीच्या खांद्याला महागात पडते.

सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा असतो. तो क्लबच्या कॉम्प्रेसरवरून किंवा मोठ्या स्कूबा सिलिंडरवरून भरणे उत्तम. हातपंपानेही भरता येतो, मात्र जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या हवेत इतका ओलावा असतो की पंपात पाणी उतरवणारा फिल्टर नसेल तर तो ओलावा सिलिंडरमध्ये आणि रेग्युलेटरमध्ये जातो. पावसाळ्यात लाकडी ग्रिपही किंचित फुगते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रेंजवरून आल्यावर पिस्तूल बंद पेटीत तसेच ठेवू नका, कोरड्या कापडाने पुसून थोडा वेळ उघड्यावर राहू द्या. प्रत्येक सिलिंडरवर निर्मितीचा काळ कोरलेला असतो आणि त्याची वापराची मुदत निर्मात्याने ठरवलेली असते. मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नियमांनी नेमबाजावर टाकलेली आहे. मुदत संपलेल्या सिलिंडरमुळे तपासणीत अडचण येते, आणि २०० बारचा दाब ही मुलीच्या हातात धरलेली गोष्ट असल्याने सुरक्षिततेसाठीही ही मुदत पाळलीच पाहिजे.

दुरुस्तीच्या सोयीला मी ब्रँडच्या नावापेक्षा वरचे स्थान का देतो, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. टोकिओ ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, तो दूर करण्यात सामन्याचा मौल्यवान वेळ गेला आणि उरलेल्या गोळ्या तिला घाईत झाडाव्या लागल्या. तिच्याच हातून पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदके आली, एक वैयक्तिक आणि एक सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक. यंत्र कितीही नामांकित असले तरी ते बिघडू शकते. म्हणून तुमच्या क्लबमध्ये, बालेवाडीच्या रेंजवर, ज्या बनावटीची पिस्तुले अधिक आहेत, ज्यांचे सील आणि स्प्रिंग कोणाकडे तरी सापडतात आणि जी खोलून पुन्हा जोडणे प्रशिक्षकांना माहीत आहे, तीच बनावट तुमच्यासाठी चांगली. दोन पिस्तुले हातात सारखीच बसत असतील तर निर्णय या निकषावर करा.

वापरलेले पिस्तूल घ्यायला माझी हरकत नाही. नवे युरोपीय पिस्तूल लाखाच्या वरच जाते आणि नीट ठेवलेले जुने पिस्तूल मुलीला पुढची अनेक वर्षे पुरते. पाहताना सिलिंडरची मुदत आधी वाचा, कारण नवा सिलिंडर घ्यावा लागला तर सौद्याचा हिशेबच बदलतो. सिलिंडर भरून पिस्तुलाला लावून एक रात्र ठेवा आणि सकाळी दाब उतरला आहे का ते पाहा. मागची साइट बोटाने हलवून तिच्यात खेळ आहे का ते तपासा आणि स्क्रू फिरवल्यावर प्रत्येक खटक्याला गोळी सरकते का ते रेंजवर झाडून बघा. ट्रिगरच्या स्क्रूंची तोंडे झिजलेली असतील तर कोणीतरी त्यांच्याशी बरेच खेळले आहे असे समजा. आधीच्या मालकाने ग्रिप स्वतःच्या हाताप्रमाणे कापलेली असेल तर नव्या ग्रिपचा खर्च किमतीतून वजा करून बोला. कागदपत्रे पूर्ण असल्याशिवाय पैसे देऊ नका: मूळ बिल, पिस्तुलाचा क्रमांक आणि आयातीची कागदपत्रे. नेमबाजांना मिळणाऱ्या सवलतीत आयात झालेले पिस्तूल असेल तर ते दुसऱ्याला देण्याच्या अटी राज्य संघटनेकडून लेखी समजून घ्या. ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, परंतु खरेदीच्या वेळी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो.

पिस्तुलासाठी ठरवलेले सगळे पैसे पिस्तुलातच घालू नका. वर्षभराच्या सरावाच्या पेलेट हा मोठा खर्च आहे आणि त्यात काटकसर केली की सरावच कमी होतो. सपाट तोंडाच्या मॅच पेलेट ४.४८ ते ४.५१ मिलिमीटर अशा किंचित वेगळ्या मापांत मिळतात. पिस्तूल शिकंज्यात धरून दोन-तीन प्रकार झाडून पाहावेत, ज्याचा ग्रुप लहान येतो तो सामन्यासाठी ठेवावा आणि रोजच्या सरावाला साध्या मॅच पेलेट वापराव्यात. पुढे मुलगी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाकडे वळली, ज्या प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तर तेथे ट्रिगरचे किमान वजन १००० ग्रॅम आहे आणि ग्रिप, साइट, बोटाची सवय यांची सगळी तयारी या एअर पिस्तुलावरच झालेली असेल.

पिस्तूल घरी आले की पहिल्या दिवशी एक वही करा. ट्रिगरच्या प्रत्येक स्क्रूची जागा, पाम शेल्फची उंची, ग्रिपचा कोन, मागच्या खाचेची रुंदी आणि पुढच्या साइटची रुंदी, जसे कारखान्यातून किंवा आधीच्या मालकाकडून आले तसे लिहून ठेवा आणि मोबाइलने छायाचित्रेही काढा. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला, बदललेल्या तारखेसह नोंदवा, आणि त्या बदलावर किमान दोन आठवडे सराव झाल्याशिवाय दुसरा बदल करू नका. घरी ड्राय फायरिंग करताना पिस्तुलात पेलेट नाही हे आधी मुलीने आणि मग तुम्ही, दोघांनीही स्वतंत्रपणे पाहा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सराव संपला की बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामे आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) घालूनच पिस्तूल पेटीत ठेवा. खरेदीआधी रेंजवर एखादे पिस्तूल चाचणीला मिळाले तर मुलीला घेऊन या. ग्रिपचे माप आणि डोळे मिटून करायची चाचणी आपण समोरासमोर करून घेऊ.